लाकडी जहाजाचं मॉडेल: पट्ट्या बसवताना दिसणारी चूक आधीच झालेली असते

नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या, मागच्या बाजूला बोट जाईल एवढी फट आणि बांधणारा विचारतो, 'ही फट आता कशाने भरू?' हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. दर वेळी मी जहाज उलटं करून आतला सांगाडा बघतो, कारण दोष सहसा त्या फटीत नसतो. फासळ्यांना उतार दिलेला नसतो, कण्याचा मागचा भाग तासलेला नसतो, किंवा पट्टी कुठे किती रुंद हवी हे कोणी मोजलेलंच नसतं. पट्टी फक्त ती आधीची चूक दाखवून देते.

म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा पट्ट्या आणि त्याआधीच्या कामांना दिली आहे. तोफा, नांगर, होड्या असल्या सजावटीच्या भागांबद्दल इथे काही नाही, ते किटच्या पुस्तिकेत नीट दिलेलं असतं. गृहीत धरलेली पद्धत अशी: प्लायवुडचा एक उभा कणा, त्याच्या खाचांत आडव्या बसणाऱ्या प्लायवुडच्या फासळ्या (पुस्तिकेत त्यांना बल्कहेड म्हटलेलं असतं) आणि वरून पट्ट्यांचे दोन थर. पहिलं जहाज दोन थरांचंच घ्या. पहिला थर घासता येतो, भरता येतो, त्यावर शिकता येतं. एकाच थराच्या जहाजात तुमची पहिली पट्टीच लोकांना दिसणारी पट्टी असते.

## ०. डबा उघडल्यावर, गोंदाला हात लावण्याआधी

जहाज निवडताना एक किंवा दोन डोलकाठ्यांचं, आणि पुढून फार गोलमटोल नसलेलं निवडा. नाळ जितकी बोथट, तितकी पट्टी कमी अंतरात जास्त वळवावी लागते. प्रमाण १:६४ किंवा १:४८ असेल तर बोटांना काम झेपतं. १:६४ ला ३० मीटरचं जहाज साधारण ४७ सेंमी होतं आणि १७० सेंमी उंचीचा माणूस साडेसव्वीस मिमीचा. १:९६ ला तोच माणूस १८ मिमीवर येतो, आणि दोरखंडाच्या गाठीही त्याच हिशेबाने बारीक होतात.

मग पुढची कामं याच क्रमाने करा.

पुस्तिका शेवटपर्यंत वाचा. वाचताना प्रत्येक भागापुढे लिहा की नंतर तिथे हात पोचेल का. डोलकाठीचं भोक, डेकवरच्या कड्या, स्टँडचे स्क्रू या गोष्टी वेळ टळल्यावर बसवणं फार अवघड जातं.

नकाशाची प्रत काढा आणि मूळ नकाशावरचं एक लांब माप प्रतीवर मोजपट्टीने ताडून पाहा. कॉपी मशीन कधीकधी किंचित लहान-मोठं छापतं. कापाकापी प्रतीची करायची, मूळ नकाशा जपून ठेवायचा.

प्लायवुडच्या शीटवरच्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने क्रमांक घाला आणि गरज लागेपर्यंत तुकडे शीटमधून सोडवू नका. पट्ट्या व्हर्निअर कॅलिपरने मोजून जाडीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे वेगळ्या बांधा. एकाच गठ्ठ्यातल्या अक्रोडाच्या पट्ट्यांत फिकट आणि गडद असा बराच फरक असतो. तो आत्ताच पाहिला नाही, तर जहाजाच्या कुशीवर नको तिथे पट्टा उमटतो.

हत्यारं थोडीच लागतात, पण धारदार हवीत: कटर आणि भरपूर नवी पाती, छोटा रंधा, बारीक कानशी, ०.५ ते १.५ मिमीचं हातड्रिल, लहान गुण्या, डिव्हायडर, चिमटा, कपड्यांचे चिमटे आणि क्लॅम्प, आणि १२०, १८०, २४०, ३२० नंबरचे पॉलिश पेपर. घासताना मास्क लावा. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते, आणि अक्रोडाची धूळ काहींच्या त्वचेला आणि नाकालाही त्रास देते.

गोंदाबद्दल एकदाच. सांगाडा आणि पहिला थर यांना पांढरा पीव्हीए गोंद. तो सावकाश धरतो, म्हणजे चूक सुधारायला वेळ मिळतो, आणि वाळल्यावरही आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं की मऊ पडून सुटतो. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट फक्त तात्पुरतं धरून ठेवायला. त्याचा सांधा ठिसूळ असतो, वाफ डोळ्यांना झोंबते, आणि तो लाकडात जिरला की त्या जागी रंग किंवा पॉलिश नीट चढत नाही.

## १. कणा सरळ आहे का?

प्लायवुडचा कणा अनेकदा वाकडा निघतो. सपाट काचेवर ठेवा, बोटाने टोकं दाबा. हलला तर वाकडा आहे. दोन्ही बाजूंनी ओलसर कापड फिरवा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली दोन रात्री ठेवा. तरी थोडा वाक राहिला तर फासळ्यांच्या मध्ये ठोकळे भरून तो काढता येतो (टप्पा ३). मात्र वाकड्या कण्यावर तसंच पुढे जाऊ नका. पट्ट्या चढल्यावर तो वाक कायमचा होतो, आणि पिळलेलं जहाज कुठल्याही स्टँडवर सरळ दिसत नाही.

एक साधी बांधणीची फळी करा: जाड सपाट पाटावर दोन सरळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये कणा उभा घट्ट बसेल एवढी जागा. पहिले चार टप्पे याच फळीवर होतील.

तपासा: एक डोळा मिटून नाळेच्या टोकाकडून कण्याच्या कडेवरून बघा. कड एका रेषेत दिसली पाहिजे.

## २. कण्याचा मागचा भाग तासणे

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, कारण बऱ्याच पुस्तिकांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

सुकाणूच्या जवळ दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कण्यावर आडव्या पडून मागच्या खांबाला मिळतात. तिथे कणा मूळ जाडीचाच ठेवला, तर वर पट्ट्यांची जाडी चढते आणि जहाजाचा मागचा भाग सुकाणूपेक्षा जाड, फुगलेला दिसतो. हिशेब सोपा आहे. समजा कणा ५ मिमी जाड, पहिला थर १.५ मिमी, दुसरा ०.५ मिमी. एका बाजूला २ मिमी, दोन बाजूंना ४ मिमी. मागचा खांब ५ मिमीचा, म्हणजे त्या टोकाशी कणा १ मिमीवर आला पाहिजे. तुमच्या पट्ट्या मोजून तुमचा आकडा काढा.

किती भाग तासायचा? शेवटच्या दोन-तीन फासळ्यांच्या खालच्या टोकांमधून जाणारी एक वक्र रेषा नकाशावरून कण्यावर उतरवा. त्या रेषेपासून मागच्या कडेपर्यंत जाडी हळूहळू कमी होत जायला हवी. धारदार पटाशीने आधी, मग पॉलिश पेपरने. दोन्ही बाजूंनी सारखं. हे काम फासळ्या चिकटवण्याआधी करायचं. नंतर पटाशी आत जात नाही.

त्याच बैठकीत कण्याच्या खालच्या आणि पुढच्या कडेला पट्टीची टोकं बसण्यासाठी खाच काढा. हिला रॅबेट म्हणतात. खोली एका बाजूच्या दोन्ही थरांच्या जाडीएवढी. काही किटमध्ये बाहेरचा कणा पट्ट्यांनंतर चिकटवायला सांगतात, तेव्हा खाच लागत नाही. तरी मला खाच आवडते, कारण पट्टीचं टोक आत लपतं आणि ते अगदी अचूक कापावं लागत नाही.

## ३. फासळ्या बसवणे

लेझरने कापलेल्या तुकड्यांच्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात. खाचांमधला काळेपणा हलक्या हाताने एकदा पुसा, जास्त घासू नका, नाहीतर खाच सैल होते. फासळ्यांच्या बाहेरच्या कडेचा काळा रंग मात्र तसाच राहू द्या. पुढच्या टप्प्यात तोच तुमचा मार्गदर्शक आहे.

1. सगळ्या फासळ्या गोंद न लावता बसवा. जी आत जात नाही तिला ठोकू नका, कानस मारा.
2. फासळ्यांच्या वरच्या कडांवर एक बारीक लवचीक पट्टी पुढून मागे ठेवा. ती सलग वळणाने गेली पाहिजे. कुठे उंचवटा आला तर ती फासळी खाचेत पूर्ण बसलेली नाही.
3. प्रत्येक फासळीवर मध्यरेषा आखा.
4. मधल्या फासळीपासून सुरुवात करून एकेक चिकटवा. प्रत्येकीला दोन दिशांनी गुण्या लावा: कण्याशी काटकोन, आणि फळीशी काटकोन.
5. फासळ्यांच्या मध्ये अचूक मापाचे लाकडी ठोकळे चिकटवा. सांगाडा ताठ होतो आणि घासताना फासळ्या थरथरत नाहीत.

तपासा: समोरून पाहा. सगळ्या मध्यरेषा एकामागे एक आल्या पाहिजेत. एक जरी बाजूला गेली असेल तरी अल्कोहोल लावून सोडवा आणि पुन्हा बसवा. पुढच्या कुठल्याच टप्प्यावर हे सुधारता येणार नाही.

## ४. उतार देणे: खरं काम इथे आहे

मधल्या फासळ्यांवरून पट्टी जवळपास सरळ जाते. नाळेकडे आणि मागे मात्र ती तिरकी जाते. फासळीची कड काटकोनात कापलेली असेल, तर पट्टी फक्त एका कोपऱ्यावर टेकते. तिथे गोंद धरत नाही आणि पट्टीला त्या कोपऱ्यावर मोड पडतो.

नाळेकडच्या फासळ्यांची पुढची कड घासायची, मागची शाबूत ठेवायची. मागच्या भागातल्या फासळ्यांचं उलट. काम बरोबर झालं असेल तर जहाजाच्या मध्याकडच्या कडेला जळक्या काळ्या रंगाची एक केसासारखी रेघ शिल्लक राहते. ती रेघच गेली, तर तुम्ही फासळी लहान केली आहे.

पहिल्या फासळीच्या पुढे, नाळेच्या दोन्ही बाजूंना बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) ठोकळे भरा आणि आकारात घासा. किटमध्ये नसले तरी भरा. पट्टी सर्वांत जास्त वळते तिथेच टेकायला काही नसेल तर वळण टोकदार येतं.

घासायला बोटांवर कागद घेऊ नका. २५-३० सेंमी लांब सपाट, किंचित लवचीक पट्टीवर १२० नंबरचा कागद चिकटवा. पट्टी एका वेळी किमान तीन फासळ्यांवर फिरली पाहिजे. नुसत्या बोटाने घासलं तर प्रत्येक फासळी वेगळ्या आकाराची होते.

मग चाचणी. पट्ट्यांच्या गठ्ठ्यातली एक चांगली पट्टी घ्या आणि ती वर, मधे आणि खाली अशा तीन उंचीवर पुढून मागेपर्यंत धरा. मागे दिवा ठेवा.

- पट्टी आणि फासळी यांच्यात सलग उजेड दिसतो: फासळी आत आहे. कडेला पातळ चिप चिकटवून पुन्हा घासा.
- पट्टीला एका जागी कोपर येतं: फासळी बाहेर आहे. घासा.
- उजेडाची पाचर दिसते, एका कडेला बंद आणि दुसरीकडे उघडी: उतार अपुरा आहे.

माझ्या दुसऱ्या जहाजात मी हे काम एका संध्याकाळी संपवलं. पहिल्या थरानंतर डाव्या कुशीवर तिसऱ्या फासळीपाशी एक खड्डा दिसला. भराव घालून तो मिटवला, पण दुसऱ्या थराची पट्टी त्या जागी आजही उजेडात लाटेसारखी दिसते. आता मी या टप्प्याला तीन-चार संध्याकाळी देतो आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी, ताज्या नजरेने पुन्हा पट्टी धरून बघतो.

थांबा: दोन्ही बाजूंची फासळी सारखी आहे का? मध्यरेषेपासून कडेपर्यंत डिव्हायडरने मोजा, डावी आणि उजवी.

डेकचा तळ (पातळ प्लायवुड) आता चिकटवून घ्या, त्याने सांगाड्याला बळ येतं. डेकच्या पट्ट्यांबद्दल दोनच गोष्टी. रुंदी प्रमाणात ठेवा, खऱ्या जहाजावर २५ सेंमीच्या आसपास असलेली फळी १:६४ ला ४ मिमीची होते. आणि फटीतल्या डांबराची काळी रेघ दाखवण्यासाठी पेन्सिल पट्टीच्या एकाच कडेवर फिरवा. दोन्ही कडांवर फिरवली तर रेघ दुप्पट जाड होते आणि प्रमाण बिघडतं.

## ५. पट्ट्यांचा हिशेब कागदावर

इथे कटर हातात घेऊ नका. फक्त पेन्सिल, कागदाच्या चिंध्या आणि डिव्हायडर.

जहाजाच्या कुशीवरून पुढून मागे जाणारा जाड पट्टा असतो, त्याला वेल म्हणतात. त्याची उंची नकाशावरून प्रत्येक फासळीवर खुणेने उतरवा आणि खुणांवर एक पट्टी टाचण्यांनी तात्पुरती लावा. समोरून, मागून, बाजूने बघा. ही रेषा डोळ्यांना सुंदर आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे, कारण बाकी सगळ्या पट्ट्या हिच्याच मागे चालणार आहेत.

आता वेलच्या खालच्या कडेपासून कण्यापर्यंतचं अंतर प्रत्येक फासळीवर कागदाची चिंधी वळवून मोजा. सरळ मोजपट्टीने मोजलेलं अंतर इथे चुकीचं येतं. एक उदाहरण:

- मधली फासळी: ९० मिमी. पट्टी ५ मिमी. म्हणजे १८ पट्ट्या.
- नाळेजवळची फासळी: ५४ मिमी. त्याच १८ पट्ट्या, म्हणून प्रत्येकी ३ मिमी.
- मागची फासळी: ९९ मिमी. १८ पट्ट्या पूर्ण रुंदीने ९० मिमी भरतात, ९ मिमी उरतात.

यातून सगळं ठरतं. नाळेकडे प्रत्येक पट्टी ५ वरून ३ मिमीपर्यंत निमुळती करायची. मागे उरलेल्या ९ मिमीसाठी दोन पाचरीसारख्या जादा पट्ट्या घालायच्या, त्यांना स्टीलर म्हणतात. मागची ती फट म्हणजे चूक नाही, जहाजाचा आकारच तसा असतो. ती कुठे येणार हे आधी माहीत नसणं ही चूक.

एक मर्यादा पाळा: पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करू नका. नाळेजवळ ५४ ऐवजी ३६ मिमी असते, तर वाट्याला २ मिमी आले असते. इतकं टोकदार टोक ना वळतं ना धरतं. तेव्हा दोन पट्ट्या नाळेच्या थोड्या अलीकडेच संपवून त्यांच्यापुढे एकच पट्टी चालू ठेवायची, म्हणजे पुढे पट्ट्यांची संख्या कमी होते.

१८ पट्ट्या एकदम सांभाळता येत नाहीत. सहा-सहाचे तीन पट्टे पाडा आणि सीमारेषा दोऱ्याने किंवा बारीक चिकटपट्टीने लावून बघा. प्रत्येक पट्टा पूर्ण झाला की उरलेलं अंतर नव्याने मोजा आणि नव्याने भागा. पाव मिमीची चूक सहा पट्ट्यांत दीड मिमी होते, ती तिथेच पकडली जाते.

## ६. पट्ट्या बसवणे

जोडीने कापा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोन पट्ट्या एकत्र धरा, प्रत्येक फासळीपाशी पट्टीची जी रुंदी हवी ती त्यांवर उतरवा, क्लॅम्पमध्ये धरून रंध्याने एकच कड तासा. नेहमी तीच कड. दुसरी कारखान्याची सरळ कड आधीच्या पट्टीला लागते.

वळण आधी, गोंद नंतर. कोरडी पट्टी जबरदस्तीने वळवून टाचणीने धरली तर ती जन्मभर सुटायला बघत राहते. पट्टी १५-२० मिनिटं पाण्यात भिजवा, गरम इस्त्रीने किंवा सोल्डरिंग आयर्नवर बसणाऱ्या वळणयंत्राने आकार द्या, जागेवर क्लॅम्पने धरून पूर्ण वाळू द्या, रात्रभर. ओली पट्टी चिकटवायचा मोह होतो, कारण ती मऊ असते. पण लाकूड भिजलं की रुंदीत फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. आज घट्ट बसलेल्या दोन पट्ट्यांमध्ये चार दिवसांनी सलग रेघेसारखी फट पडते ती यामुळेच.

पट्टीच्या आतल्या बाजूला चिरा पाडून वळवणारी पक्कड मिळते. ती वापरू नका. वळण एकसंध येत नाही, पट्टी बारीक सरळ तुकड्यांत मोडत जाते, आणि पातळ पट्टीत त्या चिरा बाहेरून दिसतात.

आडवं वळण. नाळेपाशी पट्टीला तीन गोष्टी एकदम कराव्या लागतात: आत वळणं, पिळणं, आणि आपल्याच पातळीत वर किंवा खाली वळणं. तिसरी गोष्ट पट्टीला मान्य नसते. तिला ओढून खाली बसवलं की तिची एक कड उचलली जाते आणि कौलांसारखी पायरी दिसते. नाळेपाशी कडा एकमेकींवर चढतात त्या अशा. उपाय: ओली पट्टी पाटावर सपाट ठेवा, एक टोक क्लॅम्पने धरा, दुसरं टोक बाजूला ओढून दुसऱ्या क्लॅम्पने धरा, वरून हेअर ड्रायरने गरम करा आणि तशीच थंड होऊ द्या. सोडल्यावर थोडी परत जाते, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित जास्त वळवा. अशी पट्टी हाताने नुसती टेकवली तरी जागेवर पडून राहते. टेकवल्यावर पडून राहत नसेल तर ती अजून तयार नाही.

क्रम. वेलच्या खालची पहिली पट्टी डावीकडे, मग तीच उजवीकडे. एका बाजूला कधीही एकापेक्षा जास्त पट्टी पुढे जाऊ देऊ नका. वाळताना प्रत्येक पट्टी सांगाड्याला आपल्याकडे ओढते, आणि एका बाजूच्या पाच पट्ट्या सरळ कण्यालाही केळ्यासारखा वाकवतात. वरून तीन-चार जोड्या झाल्या की खालून, कण्यालगतची पट्टी घ्या. तिचं नाव गारबोर्ड.

गारबोर्डची चूक. ही पट्टी नाळेच्या वळणावरून वर चढू द्यायची नाही. कणा जिथे वर वळायला लागतो, साधारण तिथे तिचं पुढचं टोक संपवा. वर चढवली तर पुढच्या सगळ्या पट्ट्या नाळेपाशी वर ढकलल्या जातात, जागा संपते, आणि शेवटी सुईसारखी टोकं उरतात. मागच्या बाजूला मात्र तिला पूर्ण रुंदी द्या.

चिकटवताना. गोंदाची पातळ रेघ फासळीच्या कडेला आणि शेजारच्या पट्टीच्या कडेला. टाचणी पट्टीतून नव्हे, पट्टीच्या कडेला लागून फासळीत टोचा, डोक्याने पट्टी दाबली जाईल. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. पोटाच्या गोलाईवर पट्टीची आतली कड किंचित तिरकी तासा, नाहीतर बाहेरून व्ही आकाराची फट राहते.

वरून आणि खालून येणाऱ्या पट्ट्या पोटाच्या गोलाईच्या खाली भेटू द्या, तिथे नजर कमी जाते. शेवटची पट्टी अंदाजाने कापू नका. जागेवर कागद दाबून त्याच्या कडा पेन्सिलीने घासून घ्या आणि त्या साच्यावरून कापा, थोडी मोठी, मग कानशीने कमी करत न्या.

तपासा, दर तीन जोड्यांनंतर: कणा अजून सरळ आहे का, दोन्ही बाजूंचं उरलेलं अंतर सारखं आहे का.

## ७. पहिला थर घासणे

दोन दिवस वाळू द्या. १२० ने सुरू करा, १८० वर संपवा, पट्ट्यांच्या दिशेला थोडं तिरकं. दिवा बाजूला, जहाजाच्या पातळीत ठेवा म्हणजे खड्ड्यांची सावली पडते. मग डोळे मिटून तळहात फिरवा. जे डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं. खड्डे लाकडाच्या भरावाने भरा, इथे हयगय करू नका.

जपून: दीड मिमीची पट्टी पोटाच्या गोलाईवर घासून घासून सहज अर्ध्यावर येते. दाबल्यावर लवली तर थांबा आणि उरलेला फरक भरावाने काढा.

## ८. दुसरा थर

पद्धत तीच, हिशेब पुन्हा, पट्टी पातळ. अर्ध्या मिमीच्या पट्टीला भिजवायची फारशी गरज नसते, ओल्या बोटाचा स्पर्श आणि इस्त्री पुरते. इथे भराव चालत नाही. भुसा आणि गोंद कालवून भरलेली फट पॉलिशखाली गडद डाग होऊन उठते. फट राहिली तर त्याच लाकडाची कातरलेली चिरी बसवा. पीव्हीए सगळ्या पाठीवर पातळ पसरून बोटाने दाबत जा. वेळ लागतो, पण डाग पडत नाहीत.

२४० आणि ३२० ने घासल्यावर धूळ पूर्ण पुसा. पॉलिश आधी एका टाकाऊ फळीवर करून बघा, आणि त्या फळीवर मुद्दाम थोडा गोंद सांडलेला असू द्या, म्हणजे राहून गेलेला गोंद कसा दिसेल ते कळेल. फडक्याने लावायचं पातळ पॉलियुरेथेन किंवा शेलॅक, दोन-तीन हात. चकचकीत वॉर्निश या आकाराला शोभत नाही.

डेकवरचं काहीही बसवण्याआधी स्टँडच्या स्क्रूंची भोकं कण्यात पाडून घ्या. नंतर जहाज उलटं धरता येत नाही.

## ९. डोलकाठ्या

गोल काठी ड्रिलमध्ये फिरवून निमुळती करता येते, पण ती वाकते आणि मधे कंबर पडते. चौकोनी काठीपासून सुरुवात करा. आधी चारी बाजू रंध्याने निमुळत्या करा. मग प्रत्येक बाजूचे ७, १० आणि ७ असे भाग पाडून रेषा ओढा. ६ मिमीच्या काठीला कडेपासून पावणेदोन मिमी. कोपरे त्या रेषांपर्यंत तासले की अष्टकोन मिळतो, आणि अष्टकोनापासून गोल पॉलिश पेपरच करून देतो.

डोलकाठ्या अनेकदा किंचित मागे कललेल्या असतात, आणि प्रत्येकीचा कल वेगळा असू शकतो. नकाशावरून कार्डबोर्डचा कोन कापा आणि तो डेकवर उभा करून ताडा. बाजूंचा तोल समोरून ओळंब्याने बघा, अर्थात आधी जहाज स्टँडवर समतल आहे याची खात्री करून.

काठीवरच्या आणि परबाणांवरच्या (शिडं टांगायच्या आडव्या काठ्यांवरच्या) सगळ्या कप्प्या, कड्या, दोऱ्याचे फास टेबलावरच बांधा. उभ्या केलेल्या डोलकाठीवर चिमट्याने कप्पी बांधायला दसपट वेळ लागतो.

## १०. दोरखंड

डोलकाठ्यांना धरून ठेवणारे स्थिर दोर गडद रंगाचे, शिडं-परबाणं हलवणारे दोर फिकट. क्रम: आधी स्थिर, मग चल, खालून वर, आणि मध्यापासून बाहेर. बाहेरचा दोर आधी बांधला तर आतल्या गाठीपर्यंत हात जात नाही.

डोलकाठीच्या बाजूचे दोर, श्राउड, डावी-उजवी आलटून पालटून बांधा, पुढच्या जोडीपासून. श्राउडच्या खालच्या टोकाला ताण देणाऱ्या, तीन भोकांच्या लाकडी चकत्यांच्या जोडीतलं अंतर सारखं राहावं म्हणून तारेचा एक छोटा साचा करा आणि प्रत्येक जोडी त्यातच धरून बांधा. ताण मध्यम ठेवा. एक दोर जास्त ओढला की शेजारचा सैल पडतो.

श्राउडवरच्या आडव्या पायऱ्या १:६४ ला साधारण साडेपाच ते सहा मिमी अंतरावर येतात. मागे रेषा आखलेला कागद लावा. मधल्या श्राउडवर क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, घाला. गाठ आवळताना बाहेरच्या श्राउडकडे लक्ष असू द्या, ते आत ओढले गेले तर सगळी जाळी डमरूसारखी दिसते. दर पाचवी पायरी आधी बांधून घेतली की मधल्या बांधताना आकार टिकतो. गाठीवर पाण्यात पातळ केलेला पीव्हीए टोकाने लावा, वाळल्यावर दिसत नाही. दोऱ्याची टोकं लगेच कापू नका, दुसऱ्या दिवशी ताण पुन्हा बघून मग कापा.

शेवटी काचेची पेटी. ती हवाबंद करू नका, खाली दोन-चार छोटी भोकं ठेवा. लाकडातून आणि गोंदातून निघणारी आम्लयुक्त वाफ बंद पेटीत साठते, आणि किटमधले तोफा-नांगर शिसं असलेल्या धातूचे असतील तर त्यांवर पांढरी भुकटी धरायला लागते.